कासला फुलांचे फोटो काढताना फिरणारी स्क्रीन कशी वापरायची

साताऱ्याहून कास पठारावर जाणार असाल आणि कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर येऊन फिरणारी असेल तर ती नुसती मागं चिकटवून ठेवू नका राव. सीतेची आसवं नावाची फुलं केवढीशी असतात, त्यांच्या लेव्हलला जायचं म्हणजे चिखलात पालथं पडावं लागतं, आणि पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे तेव्हा फुलांवर लोळायचं तर नावच काढू नका, वाटेवरच बसायचं.

आधी स्क्रीन डावीकडं दारासारखी पूर्ण उघडा, मग वरच्या बाजूला फिरवा. बिजागरी अडली तर जोर लावायचा नाही, तिच्या आतूनच वायर जाते. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू (लेन्सला दिसणारं स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू करा नाहीतर स्क्रीन काळीच दिसणार. आता कॅमेरा जमिनीजवळ धरा, वरून बघत फ्रेम लावा, फुलावर फोकसचा चौकोन ठेवा. ग्रिड लाइन (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू असलेली बरी, खाली धरलं की क्षितिज हमखास तिरकं येतं (माझे निम्मे फोटो असेच गेलेत).

गर्दीत उलटं करायचं, कॅमेरा डोक्यावर आणि स्क्रीन खाली.

फोटो काढला की लगेच प्ले दाबून झूम करून बघा, छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प वाटतं आणि घरी आल्यावर कळतं की फोकस मागच्या गवतावर होता. उन्हात ब्राइटनेसवर विश्वास नको, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, उजव्या टोकाला चिकटला असेल तर एक्स्पोजर कमी करून परत घ्या.

पाऊस आला की स्क्रीनची काच आत करून ती बंद करा.