ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) अडॅप्टर बदलताय? आधी हे बघा

दुकानात जाताना जुना अडॅप्टर सोबत न्या, जळलेला असला तरी. नसेल तर ॲम्पच्या मागच्या छपाईचा फोटो. व्होल्ट तेवढेच हवेत, हे माहितीच आहे. अँपिअर तेवढे किंवा जास्त. २ च्या जागी ३ चा घेतला तर काही जळत नाही, ॲम्प लागेल तेवढाच करंट ओढतो. कमीचा मात्र नको, आवाज वाढवला की बेसला दम तुटतो.

आता पोलॅरिटी, म्हणजे पिनच्या आत प्लस आहे की मायनस. लेबलवर गोलाचं चित्र असतं, मध्ये टिंब, एका बाजूला प्लस एका बाजूला मायनस, मधल्या टिंबाला काय जोडलंय ते बघायचं. राउटर आणि बहुतेक छोट्या ॲम्पना आत प्लस असतो, पण गिटारच्या पेडलना आणि जुन्या कॅसिओ कीबोर्डना आत मायनस, आणि गंमत म्हणजे पिन बऱ्याचदा तीच, मस्त बसते! मागच्या वेळी पिन बसली, व्होल्ट जुळले, एवढ्यावर मी बटण दाबलं आणि प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणारा) गेला. तेव्हा पोलॅरिटी बघा. लेबलवर पण विसंबू नका, दुकानातच मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर (२४ चा अडॅप्टर असेल तर त्याच्या वरच्या रेंजवर) ठेवून लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या धातूला. आकड्याआधी उणे दिसलं तर आत मायनस आहे. दुकानदार "सब सेम है" म्हणेल, म्हणू दे, पोलॅरिटी मोजल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

लेबलवर आउटपुटला नागमोडी रेघ असेल तर तो एसी आउटपुटचा, डीसीच्या जागी चालत नाही. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला १२ चा अडॅप्टर लोडशिवाय १६ पण दाखवतो, तो टाळाच.

पिन बाहेरून ५.५ मिमी, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.५ चा प्लग २.१ च्या जॅकमध्ये जातो, पण ढिला, मग वायर हलली की खरखर.

डब्यावर ५०+५० वॅट छापलेल्या क्लास-डी (कमी तापणाऱ्या प्रकारच्या) ॲम्पला १२ व्होल्ट दिले तर ८ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे साधारण ९ वॅटच मिळतात, २४ ला ३६. पण ॲम्पवर २४ पर्यंत चालेल असं छापलेलं असेल तरच हं.

बाकी काय, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, बिल, बदलून देणार का ते आधीच विचारा. घरी आल्यावर हम (सततची गुणगुण) आला तर लॅपटॉपची केबल काढून बघा, थांबला तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट) आहे, उगाच अडॅप्टर परत करायला जाऊ नका.