अँथुरियमची पानं पिवळी पडतायत? खत टाकण्याआधी या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे फोटो यायला लागतात. लाल अँथुरियम, दोन-चार पिवळी पानं, आणि खाली ठरलेला प्रश्न: "कोणतं खत घालू?" माझाही प्रश्न ठरलेला असतो: "कुंडीतून काढून मुळं बघितलीत का?" बहुतेकांनी बघितलेली नसतात. पान पिवळं दिसलं की हात आधी खताच्या डब्याकडे जातो. अँथुरियमचं दुखणं मात्र दहातल्या आठ वेळा मुळाशी असतं, आणि अशा वेळी वरून घातलेलं काहीही ते वाढवतच नेतं.

या झाडाचं माहेर कोलंबिया आणि इक्वेडोरची ओली जंगलं. एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १८७६ साली युरोपात नेलं, म्हणून नाव अँथुरियम आंद्रेआनम. तिकडे ते पुष्कळदा मोठ्या झाडांच्या सालीवर, बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यावर वाढतं. पाऊस भरपूर, पण पाणी मुळांवरून वाहून जातं आणि लगेच हवा खेळते. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

पहिली चूक: लाल माती, शेणखत आणि भोक नसलेली कुंडी

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना वास्तुशांतीला कुणीतरी सुंदर अँथुरियम दिलं होतं. पांढरीशुभ्र सिरॅमिकची कुंडी, वर पाच लाल फुलं. महिन्याभरात खालचं एक पान पिवळं झालं. काकूंनी पाणी वाढवलं. आणखी दोन पानं गेली, तेव्हा जास्वंदीला घालतात तसं मूठभर शेणखत घातलं. मग कुणीतरी सांगितलं, "नर्सरीवाले नुसत्या भुशात देतात, त्यात काही कस नसतो." म्हणून लाल मातीत लावून झालं, आणि झाड पुन्हा त्याच सिरॅमिकच्या कुंडीत गेलं. मला बोलावलं तेव्हा सगळे देठ आडवे पडले होते. "अगं, रोज न चुकता पाणी घालते मी, तरी माना टाकतंय बघ."

माती ओली असूनही झाड मान टाकत असेल, तर ते तहानलेलं नाही. त्याची पाणी ओढणारी मुळंच उरलेली नाहीत.

झाड बाहेर काढलं तर तळाशी चार बोटं पाणी, गटारासारखा वास येणारं. सिरॅमिकच्या कुंडीला भोकच नव्हतं. अशा कुंड्या नुसत्या शोभेच्या असतात, आत भोकाची प्लॅस्टिकची कुंडी ठेवायची असते. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं. वरचं तपकिरी आवरण मोज्यासारखं निघून आलं आणि बोटांत उरला आतला बारीक दोरा. सडलेलं मूळ ओळखायची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट हिरवट असतं, टणक असतं, ओढलं तर सोलून येत नाही.

त्या दिवशी आम्ही केलं ते असं. मुळं नळाखाली धुतली. मऊ पडलेलं सगळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापलं, उरली जेमतेम तीन मुळं. उरलेली फुलंही कापली, तेव्हा काकूंचा जीव खालीवर झाला. पण आजारी झाडाने फुलावर शक्ती घालवायची नसते. मुळं सावलीत तासभर सुकू दिली आणि झाड मुद्दाम लहान, भरपूर भोकांच्या कुंडीत लावलं. मिश्रण माझं नेहमीचंच: दोन वाटे नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक वाटा लोणारी कोळसा, एक वाटा विटांचे बारीक तुकडे, वर थोडं कुजलेलं पानखत. पाणी घातलं की काही क्षणांत ते खालून बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर मिश्रण चुकलंय.

नवं पान येईपर्यंत खत बंद. काकूंचा दर आठवड्याला फोन यायचा, "थोडंसं काहीतरी घालू का गं?" नाही म्हणजे नाही. दिवाळीच्या सुमारास मधोमध तांबूस, लकाकणारी एक गुंडाळी दिसली. ते नवं पान. नवशिक्यांना हाच मधला काळ सोसत नाही. झाड स्वतःला सावरत असतं आणि त्यांना वाटतं आपण काहीच करत नाही आहोत.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, वापरणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. त्याची दाबलेली वीट भिजवून, पिळून, ते पाणी फेकून द्या. दोन-तीन वेळा. त्यात क्षार असतात, आणि अँथुरियमला क्षार अजिबात चालत नाहीत.

दुसरी चूक: स्वयंपाकघरातली टॉनिकं

ताक, तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी, उकळलेला चहाचा चोथा. दर महिन्याला एखादा व्हिडिओ येतो आणि 'सात दिवसांत फुलंच फुलं' असं सांगून जातो. मला याचा मनापासून राग येतो, कारण नंतर मेलेली झाडं बघायला मला बोलावतात. जमिनीत लावलेल्या जास्वंदीखाली हे सगळं जिरून जातं. सोडणाच्या तुकड्यांत ते आंबतं, बुरशी धरते, चिलटं होतात. सात दिवसांत अँथुरियमला फूल आणणारं काहीही अस्तित्वात नाही. नव्या पानाच्या बेचक्यातून कळी निघून ती उमलायलाच कित्येक आठवडे लागतात.

मी विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) वापरते, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही आधी साधं पाणी घालून. थंडीत बंद.

पानांची टोकं तपकिरी आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला, तर क्षार साठलेत. कुंडी मोरीत ठेवून खालून भरपूर पाणी निघेपर्यंत वरून सावकाश पाणी सोडा. आणि हात जोडून सांगते, आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी याला घालू नका. वाया घालवू नये ही भावना चांगली आहे, पण नळाच्या पाण्यातले क्षार त्या पाण्यात आणखी घट्ट होऊन उतरलेले असतात. त्याने लादी पुसा. बोअरचं जड पाणीही नको. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम.

फुलं येत नाहीत, किंवा हिरवी पडतात

ज्याला आपण फूल म्हणतो ते रंगीत पान आहे. खरी फुलं मधल्या दांडीवर, टाचणीच्या डोक्याहून लहान. ते रंगीत पान वय झालं की हिरवट होतं, तो रोग नाही. देठ तळापासून कापा आणि पुढे चला.

फुलंच येत नसतील तर आधी प्रकाश बघा. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात पानं गर्द हिरवी आणि देठ लांबलचक होतात, फूल मात्र येत नाही. पूर्वेच्या खिडकीजवळ, झिरझिरीत पडद्यामागे ठेवा. दुपारचं थेट ऊन लागलं की पानावर कागदासारखे कोरडे, फिकट डाग पडतात, आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. दुसरं म्हणजे, वयात आलेलं झाड साधारण प्रत्येक पानामागे एक फूल देतं. तेव्हा 'आटोपशीर दिसावं' म्हणून हिरवी पानं छाटणं बंद करा.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

सगळ्यात खालचं एकच पान पिवळं होत असेल तर ते म्हातारं झालंय, सोडून द्या. एकदम तीन-चार गेली तर मुळं बघा.

खोडातून हवेत निघणारी मुळं कापू नका. त्यांच्याभोवती ओलसर मॉस गुंडाळा.

पानं चमकावीत म्हणून खोबरेल तेल लावू नका. ओल्या फडक्याने पुसा.

एसीचा झोत नको. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री बाल्कनीतून आत घ्या, पंधरा अंशांखाली झाड कुढतं.

मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, मग संध्याकाळी लिटरला पाच मिली नीम तेल, दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड घालून फवारा. आठवड्याने पुन्हा. एका फवारणीत मिलीबग जात नाही.

लहान मूल, मांजर किंवा कुत्रं असेल तर झाड उंचावर ठेवा. पान चावलं तर त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते.

जिथे झाड वाचवायचंच नसतं

पानाच्या कडेला पाणी मुरल्यासारखे डाग, ते तपकिरी होत जाणारे, भोवती ठळक पिवळी कड, आणि पुढे देठच बुडातून सुटायला लागले, तर हा झँथोमोनास जिवाणूचा करपा असण्याची दाट शक्यता आहे. १९८०च्या दशकात याने हवाईतल्या अँथुरियमच्या बागांची वाताहत केली होती. पहाटे पानांच्या कडेला जे थेंब जमतात, त्याच वाटांनी हा जिवाणू आत शिरतो आणि वरून पाणी मारलं की शिंतोड्यांबरोबर शेजारच्या झाडावर जातो. एकदा आत पसरला की घरी करता येण्यासारखा इलाज नाही. 'साफ' नावाचं बुरशीनाशक, दालचिनी, हळद, सगळं व्यर्थ. ही बुरशी नाहीच. झाड मिश्रणासकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या ड्रमात नको. बाकीच्या झाडांना पाणी पानांवरून न घालता मुळाशी घाला, आणि कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.