मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा रोखण्याच्या प्रयोगात या चुका टाळा

रक्तपुरवठा काही काळ थांबून पुन्हा सुरू झाला की मूत्रपिंडाला जी इजा होते, तिच्या अभ्यासासाठी उंदराच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर सूक्ष्म क्लॅम्प लावून तो साधारण 20 ते 30 मिनिटांनी काढण्याची पद्धत रूढ आहे. ती दिसायला सोपी असली, तरी एकाच गटातल्या एका उंदराचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ; इजा झाली की तो रक्तात साचतो) भरमसाट वाढते आणि दुसऱ्याचे जागचे हलत नाही, हा अनुभव नव्या संशोधकाला हमखास येतो.

अशा वेळी बहुतेक जण क्लॅम्पला दोष देतात; माझ्या मते आधी तापमान तपासावे. भूल दिलेला उंदीर शरीराची ऊब राखू शकत नाही, आणि थंड पडलेल्या मूत्रपिंडाची ऑक्सिजनची गरज घटल्याने तेवढ्याच मिनिटांत इजा फार कमी होते. नागपुरात हे प्रकर्षाने जाणवते. जानेवारीतल्या सकाळी केलेल्या आमच्या शस्त्रक्रियांत इजा नगण्य असे, दुपारच्यांत ठळक. मे महिन्यात कूलरचा झोत टेबलावर आला की पुन्हा तोच घोळ. आम्ही हीटिंग पॅडवरचा आकडा लिहीत होतो, उंदराचे तापमान नव्हे. गुदद्वारात प्रोब ठेवून, क्लॅम्प लावण्याआधीपासून तो काढेपर्यंत शरीराचे तापमान 36.5 ते 37 अंश सेल्सिअस राखू लागलो, तेव्हा निकालांतली तफावत बरीच आटोक्यात आली. पोटात सोडायचे सलाइनही कोमटच असावे.

क्लॅम्प नीट बसला की मूत्रपिंड गडद जांभळे पडते. त्यावर लालसर पट्टा उरला, तर एखादी शाखा सुटली आहे असे समजावे. क्लॅम्प काढल्यावर काही मिनिटांत लाली परतली नाही, तर तो उंदीर वगळावा. मात्र हा निकष प्रयोगाआधीच लिहून ठेवावा.

एकाच बाजूला क्लॅम्प लावून रक्तातल्या क्रिएटिनिनची वाट पाहणे व्यर्थ आहे, कारण दुसरे मूत्रपिंड काम सांभाळून घेते. उंदराच्या रक्तात जाफे पद्धत (क्रिएटिनिन मोजण्याची जुनी, रंगावर आधारित चाचणी) इतर द्रव्यांनाही क्रिएटिनिन समजून मोजते, म्हणून एन्झाइमॅटिक पद्धत वापरावी. मादीला नरापेक्षा कमी इजा होत असल्याने दोघांना एका गटात मिसळू नये. शॅम गटालाही (क्लॅम्प न लावता बाकी सारी शस्त्रक्रिया केलेल्या उंदरांना) तेवढाच वेळ भूल आणि तेवढीच ऊब द्यावी.

ऊतीचा काप घेताना केवळ वरचा थर येणार नाही हे पाहावे, कारण सर्वाधिक नुकसान त्याच्या आत, बाह्य मज्जेच्या (मूत्रपिंडाच्या आतल्या भागाच्या बाहेरच्या थराच्या) पट्ट्यातल्या समीपस्थ नलिकांच्या (मूत्र बनवणाऱ्या नलिकांच्या सुरुवातीच्या भागाच्या) सरळ भागात सापडते.