रेडिओवरच्या विज्ञानचर्चेतून मुलांना ताजं संशोधन कसं शिकवावं

पाठ्यपुस्तकात येईपर्यंत विज्ञान निवून गेलेलं असतं. वाद मिटलेले, आकडे पक्के झालेले, चुका पुसलेल्या. रेडिओवर मात्र एखादी शास्त्रज्ञ नुकत्याच छापून आलेल्या शोधनिबंधाबद्दल बोलते तेव्हा मध्येच अडखळते, वापरलेला शब्द बदलते, ‘याची अजून खात्री नाही’ म्हणते. हायस्कूलच्या मुलांना ऐकवायचं ते हे अडखळणं. नुसती माहिती काय, कुठेही मिळते.

मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा अख्खा पन्नास मिनिटांचा कार्यक्रम वर्गात लावून दिला. बाराव्या मिनिटाला मागच्या बाकावर फुली-गोळा सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर माझीही नजर घड्याळाकडेच होती. पुढे चुकत-माकत जी पद्धत बसली ती अशी.

आधी कार्यक्रम निवडा

कार्यक्रमांना तोटा नाही. कॅनडाच्या सीबीसीवर १९७५ साली सुरू झालेला ‘क्वर्क्स अँड क्वार्क्स’, त्याच वर्षीचा ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवरचा ‘द सायन्स शो’, अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेला ‘सायन्स फ्रायडे’. यांचे बरेच जुने भाग पॉडकास्ट म्हणून ऐकता येतात. भाग निवडताना दोन गोष्टी बघा. ज्यांनी काम केलं ते स्वतः बोलताहेत का? आणि त्या कामाशी संबंध नसलेलं दुसरं कुणी जाणकार चर्चेत आहे का? दुसरा आवाज नसेल तर मी तो भाग सोडून देतो. एकट्याने स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे बऱ्याचदा कौतुकसोहळा असतो.

पहिल्या खेपेला अगदी कालचं संशोधन घेऊ नका. ज्याचा शेवट तुम्हाला ठाऊक आहे, पण मुलांना नाही, असं एखादं प्रकरण घ्या. माझं आवडतं प्रकरण २०११ मधल्या न्यूट्रिनोंचं, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो इथे प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) आधी पोचल्याचं ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या गटाने सप्टेंबरमध्ये जाहीर केलं. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असंच त्यांचं इतर शास्त्रज्ञांना सांगणं होतं. त्या काळातल्या चर्चा ऐकण्यासारख्या आहेत.

मग तुकडा काढा

सहा ते आठ मिनिटं. त्याहून मोठा तुकडा घेऊ नका. नेमका कुठून कुठपर्यंत, ते मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा, नाहीतर वर्गात पुढे-मागे करण्यातच तास जातो. सुरुवातीचं संगीत, पाहुण्यांची ओळख, निवेदकाचे विनोद सगळं गाळा. प्रश्न टोकदार होतो आणि उत्तर देणारा जरा सावध होतो, ती जागा हवी. ती शोधायला तुम्हाला पूर्ण भाग दोनदा ऐकावा लागेल. या कामातला खरा वेळ इथेच जातो.

तुकड्यात येणारे चार-पाच अवघड शब्द आधी फळ्यावर मांडा. त्याहून जास्त निघाले तर तुकडाच बदला. कार्यक्रम इंग्रजीत असेल आणि मुलांना वेग झेपत नसेल तर लिखित संहिता मिळते का बघा, किंवा वेग थोडा कमी करा. अनुवाद वाचून दाखवू नका. आवाजातला चढउतार त्यात हरवतो आणि मग रेडिओ कशाला घेतला हाच प्रश्न उरतो.

दोनदा ऐकवा

पहिल्यांदा ऐकताना वह्या बंद. संपल्यावर एकच प्रश्न: हे लोक कशाबद्दल बोलत होते? दोन-तीन मुलांनी आपल्या शब्दांत सांगावं, चुकलं तरी चालेल.

दुसऱ्यांदा ऐकताना वहीत तीन रकाने आखायचे: ‘मोजलं’, ‘अर्थ लावला’, ‘माहीत नाही’. बोलणाऱ्याचं वाक्य कोणत्या रकान्यात जातं ते मुलांनी ठरवायचं. न्यूट्रिनोंच्या बाबतीत ‘६० नॅनोसेकंद आधी पोचले’ हे वाक्य जवळजवळ सगळी मुलं ‘मोजलं’मध्ये टाकतात. मग मी विचारतो, मोजलं कशाने? घड्याळांनी, जीपीएसने, केबलमधून आलेल्या संकेतांनी. म्हणजे त्या ६० मध्ये या साऱ्या उपकरणांवरचा विश्वासही मिसळलेला आहे. इथे वर्गात हमखास वाद होतो. होऊ द्या. घाईने मिटवू नका.

वाद जरा तापला की गणित द्या. प्रकाशाला ७३० किलोमीटर जायला किती वेळ लागतो? सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर धरले तर जवळपास २.४ मिलिसेकंद. त्यात ६० नॅनोसेकंदांचा फरक म्हणजे लाखात अडीच भाग. प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही असं सांगणारा सापेक्षता सिद्धांत एवढ्याशा फरकावर मोडीत काढायचा का, हे मुलं मग स्वतःच बोलू लागतात. आणि तासाच्या शेवटी सांगून टाका: २०१२ मध्ये नीट न बसलेली एक ऑप्टिकल फायबर केबल सापडली, घड्याळातही गडबड निघाली, आणि न्यूट्रिनो प्रकाशाच्या पुढे गेलेच नव्हते.

रेडिओला खास साजेसा दुसरा विषय म्हणजे गुरुत्वीय लहरी, अवकाश-काळातच उठणारे तरंग. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांच्या प्रकल्पाने टिपलेला संकेत जेमतेम ०.२ सेकंदांचा, पण त्याची वारंवारता साधारण ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत जाते. म्हणजे माणसाच्या कानाच्या टप्प्यातली! म्हणूनच तो ध्वनीत बदलून ऐकवता येतो. अवकाशात आवाज नसतो आणि हा मूळचा आवाज नव्हे, हे मात्र तिथल्या तिथे स्पष्ट करा. संकेत या दोन वेधशाळांत सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने आला. वेधशाळा एकमेकींपासून साधारण ३,००० किलोमीटरवर आहेत. प्रकाशवेगाने हे अंतर कापायला जास्तीत जास्त १० मिलिसेकंद लागतात, मग ७ पटतात का? आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प बसा.

मूळ निबंधापर्यंत न्या

पूर्ण शोधनिबंध हायस्कूलच्या मुलांना झेपत नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. शीर्षक, सारांश आणि एखादा आलेख पुरे. भौतिकशास्त्रातले बरेच निबंध आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. काम एकच द्या: रेडिओवर ऐकलेलं एक वाक्य सारांशात शोधा आणि दोन्हींतला फरक लिहा. बहुतेक वेळा निबंधात आकड्यापुढे अधिक-उणेची मर्यादा असते आणि बोलण्यात ती गळून पडलेली असते. हे मुलांना एकदा दिसलं की बातम्या वाचतानाही ती हा आकडा शोधायला लागतात.

शेवटी मुलांनीच चर्चा करावी

चार-चारचे गट करा: एक निवेदक, एक संशोधक, एक शंकेखोर आणि एक जण फोनवर रेकॉर्डिंग करणारा. पाच मिनिटं. लिहून आणलेलं वाचायला बंदी. निवेदकाचं काम सर्वांत कठीण, कारण न कळलेलं कबूल करून विचारायचं असतं. नेहमी पहिला येणाऱ्या मुलाला मुद्दाम तेच द्या.

गुण देताना उच्चार आणि आत्मविश्वास यांकडे मी बघत नाही. प्रत्येक गटाला त्यांचं रेकॉर्डिंग ऐकवतो आणि ‘सिद्ध झालं’ हे शब्द किती वेळा आले ते त्यांनाच मोजायला लावतो. मागे एका गटाचे अकरा निघाले. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड केलं, तेव्हा दोन.