बी रुजवताना जीएची पुडी शेवटी फोडा

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्याला 'जीए' म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. थॉमसन जातीच्या द्राक्षाचे घड या वाढीच्या संप्रेरकाच्या पाण्यात बुडवले की मणी लांबतात, फुगतात. त्यामुळे पपईचं बी उगवेना म्हटलं की नाशकात कुणीही सांगतं, "जीएत भिजव." सल्ला चूक नाही, क्रम चुकलेला आहे. ताजं, भरलेलं बी अडून बसतं ते बऱ्याचदा जोर नाही म्हणून नव्हे. आत ब्रेक दाबलेला असतो, म्हणून. या ब्रेकचं नाव अ‍ॅब्सिसिक आम्ल. जीए, म्हणजे जिबरेलिन, त्याच्या उलट काम करतं. दोघांपैकी ज्याचं पारडं जड, तसं बी वागतं.

सुरुवात पाण्यापासून करा. बी रात्रभर भिजवा आणि सकाळी फुगलंय का पाहा. मटकीला मोड आणताना चार दाणे गणंग राहतात, तसं काही बियांचं कवच पाणीच आत घेत नाही. तिथे कुठलंही संप्रेरक कामाचं नाही. कवच पॉलिश पेपरवर थोडं घासायचं, अंकुराची बाजू सोडून.

पाणी आत जातंय, तरी बी गप्प? मग ते धुवा. गिरणाऱ्याच्या बाजारातून पिकलेला टोमॅटो आणा. आत एवढा ओलावा असून बिया रुजत नाहीत, कारण फळातला घट्ट रस आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल त्यांना थोपवून धरतात. (फार दिवस पडून राहिलेला टोमॅटो चिरल्यावर आत पांढरे कोंब दिसतात, ते हा ब्रेक ढिला पडल्यावर.) गर ग्लासात काढून दीड-दोन दिवस आंबू द्या, मग चोळून धुवा आणि बी सावलीत वाळवा. अशा वीस बिया एका ओल्या फडक्यात ठेवा, बुळबुळीसकटच्या वीस दुसऱ्यात, आणि रोज मोजा. पपईच्या बीवरचं पातळ पिशवीसारखं आवरणही राखेत चोळून काढायचं. निम्मं काम तिथेच होतं.

द्राक्षाच्या बीला मात्र थंडी लागते. ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये दोन-तीन महिने. गारठ्यात ब्रेक हळूहळू सुटतो. घाईचा माणूस इथे हरतो.

आता पुडी. जीएची पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा. एक ग्रॅम पावडरचं एक लिटर द्रावण केलं की ते झालं १००० पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). त्यातलं १०० मिली घेऊन पाण्याने लिटरभर केलं की १०० पीपीएम. पपईचं धुतलेलं बी यात २४ तास भिजवून लगेच पेरा. द्रावण त्याच दिवशी संपवा. हातमोजे घाला.

चिमटीचा अंदाज करू नका. मी एकदा केला आणि ट्रेभर फिकट, सुतळीसारखी रोपं उगवली, तीही आडवी पडलेली. जपानमध्ये भाताच्या रोपांना हाच रोग व्हायचा. १९२६ मध्ये एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की एक बुरशी जे द्रव्य सोडते त्यानेच रोपं उंच होतात. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. बी मात्र ते स्वतःच बनवतं. सातूच्या दाण्यातला गर्भ जिबरेलिन सोडतो, ते पिठाभोवतीच्या थराला विकर (एन्झाइम) बनवायला लावतं आणि विकर पिठाची साखर करतं. पेठ-सुरगाण्याकडची नागली मोड आल्यावर किंचित गोड लागते, तिथेही पिठाची साखरच झालेली असते.

हौस असेल तर नेच्याचे (फर्नचे) बीजाणूही रुजवून पाहा. अंजनेरीच्या डोंगरावरून काही उपटू नका, आपल्या विहिरीच्या काठावरचं पान पुरे. पानामागे तपकिरी ठिपके दिसले की ते कागदी पाकिटात दोन दिवस ठेवा, तळाला बारीक भुकटी जमते. उकळतं पाणी ओतून गार केलेल्या कोकोपीटवर ती भुरभुरा आणि पारदर्शक झाकण लावा. उजेड हवा, ऊन नको. काही आठवड्यांनी हिरवी साय धरते, मग पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे पापुद्रे दिसतात.

इथे बी नाही, गर्भ नाही, तरी तीच भाऊबंदकी चालते. काही नेच्यांमध्ये मोठे झालेले पापुद्रे जिबरेलिनच्या जातीचं द्रव्य ओलाव्यात सोडतात. त्याने अंधारात दडलेले बीजाणूही रुजतात, आणि शेजारचे छोटे पापुद्रे नर होतात. भिंतीवरच्या मॉसच्या बीजाणूंना जिबरेलिनच्याच वाटेवरची, पण त्याच्या अलीकडची द्रव्यं पुढे ढकलतात आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल थांबवतं. म्हणजे बी नसलेल्या वनस्पतींतही हा ब्रेक आहेच.

म्हणून नेच्याच्या डब्यात जीए टाकू नका. काही जातींत सगळे पापुद्रे नर होऊन बसतील आणि रोप येणारच नाही. पापुद्रे नखाएवढे झाले की उकळून गार केलेलं पाणी फवारत राहा. नर पेशी त्या पाण्यातूनच पोहत जातात.