शेतात सापडलेला वेगळा दगड कसा ओळखावा

रंगावरून दगड ओळखायला जाऊ नका. एकच क्वार्ट्झ पांढरा, गुलाबी, जांभळा, धुरकट काळाही असतो, आणि जमिनीतलं लोह कुठल्याही दगडावर तांबूस पापुद्रा चढवतं. दगड ठरतो तो वजन, कठीणपणा, कस (खरखरीत टाइलवर ओढल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) आणि फुटण्याच्या ढंगावरून. हे सगळं घरच्या साहित्यात तपासता येतं.

पण त्याआधी शेत बघा. आसपासचे दगड, विहिरीच्या किंवा चराच्या कडेला उघडा पडलेला खडक तसाच आहे का? असेल तर तुमचा दगड फक्त जास्त झिजलेला आहे. एकटाच वेगळा असेल तर तो पाण्याबरोबर वाहत आला, माणसाने आणला किंवा बनवला, क्वचित आकाशातून पडला. गोल गुळगुळीत दगड बहुधा पाण्यात लोळलेला असतो. कडा धारदार असतील तर तो फार लांबून वाहत आलेला नाही. जागा, खोली आणि शेजारी नाणं ठेवून काढलेला फोटो तेव्हाच नोंदवा.

दोन वस्तू मात्र उचलू नका. गंजलेली, जड, बाटलीसारखी किंवा मागे पंख असलेली वस्तू जुना तोफगोळा किंवा बॉम्ब असू शकते. ठोकू नका, दूर व्हा, पोलिसांना कळवा. आणि एकाच जागी काचेसारख्या फुटणाऱ्या दगडाचे पुष्कळ धारदार कपचे असतील, प्रत्येकाच्या एका टोकाला फटक्याचा छोटा फुगवटा असेल, तर ती प्राचीन हत्यारांची जागा असू शकते. त्यांचा क्रम मोडला की माहितीही गेली.

घरी आणल्यावर आधी कोरडाच तपासा. उल्केचा तुकडा, म्हणजे अशनी, असण्याची थोडी जरी शक्यता वाटली तरी पाण्यात बुडवू नका. त्यातलं लोखंड गंजतं. तशी शक्यता नसेल तर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. मग एका कोपऱ्याचा छोटा टवका काढा. डोळ्यांवर चष्मा हवा, दगड जाड कापडात गुंडाळलेला हवा. तंतुमय, कापसासारखा दिसणारा दगड मात्र फोडू नका, तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. खरा रंग आणि कण या ताज्या तोंडावर दिसतात, म्हणून १० पट भिंग तिथेच लावा. शिंपल्यासारखी वक्र फूट म्हणजे क्वार्ट्झ, अकीक, चकमक किंवा काच. सपाट चकाकते पृष्ठभाग दिसले तर त्यांतले कोन बघा: फेल्डस्पारमध्ये जवळजवळ काटकोन, कॅल्साइटमध्ये तिरके.

वजन. हाताला जड लागला तर घनता काढाच, सगळ्यात जास्त उलगडा इथेच होतो. दगड ग्रॅममध्ये मोजा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, असा धरा. काटा जो आकडा दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. वजनाला आकारमानाने भागलं की घनता: दगड ५४० ग्रॅम आणि काट्यावर २०० आले तर २.७. तळाला टेकला की आकडा एकदम चढतो आणि घनता खोटी कमी येते. भोकांत अडकलेली हवाही तेच करते, म्हणून सच्छिद्र दगडाचा भरीव तुकडा घ्या.

क्वार्ट्झ २.६५, ग्रॅनाइट २.६ ते २.७, कॅल्साइट २.७१, बेसाल्ट साधारण २.८ ते ३. बराइट ४.५: पांढरट आणि तरी विलक्षण जड. पायराइट ५, मॅग्नेटाइट ५.२, गॅलेना ७.५. गॅलेनात शिसं असतं, हात धुवा.

कठीणपणा. मोस मापनात (१ सगळ्यात मऊ, १० सगळ्यात कठीण) नख सुमारे २.५, चाकूचं पातं किंवा काच ५.५, क्वार्ट्झ ७. ताज्या तोंडावर चाकूने ओरखडा काढा आणि पुसून बघा. राहिला तर दगड पात्यापेक्षा मऊ; पुसला गेला तर ती चाकूच्याच धातूची रेघ होती. ही गफलत फार होते. भुसभुशीत दगडात कण सुटतात, ओरखडा पडत नाही; तिथे एकेक कणच तपासावा लागतो.

कस. फरशीच्या टाइलची बिनचकाकीची मागची बाजू घ्या आणि दगड जोरात ओढा. हेमॅटाइटची रेघ तांबडी, दगड काळा चकचकीत असला तरीही. मॅग्नेटाइटची काळी, गोथाइटची पिवळट तपकिरी. ‘सोनं’ सापडलं असेल तर हीच परीक्षा: पायराइटची रेघ हिरवट काळी येते, सोन्याची पिवळीच. क्वार्ट्झ उलट टाइललाच ओरबाडतो.

आम्ल. आधी पाण्याचा थेंब टाका, कारण छिद्रांतली हवा सुटूनही बुडबुडे येतात. मग व्हिनेगर. फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडी किंवा संगमरवर. डोलोमाइट भुकटी केल्यावरच आणि तेही सावकाश फसफसतो.

चुंबक दोऱ्याला टांगून जवळ न्या. किंचित ओढ बेसाल्टलाही असते, त्यामुळे ओढला म्हणजे अशनी, असं नाही. अशनीवर बहुधा मिलिमीटरभरापेक्षा पातळ काळं कवच असतं, अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे असू शकतात, आणि घासलेल्या कोपऱ्यात धातूचे चमकते कण दिसतात. साधारण दगडी अशनीची घनता ३.२ ते ३.७, लोखंडीची ७ ते ८. फार ताकदवान चुंबक मात्र लावू नका. त्याने अशनीतल्या मूळ चुंबकत्वाची नोंद पुसते.

दगड बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला असेल तर उल्केचा विचार सोडून द्या. मग उरतात सच्छिद्र लाव्हा आणि भट्टीची मळी, म्हणजे धातू वितळवताना उरलेला टाकाऊ भाग. मळी काचेसारखी असते, वितळून ओघळल्याच्या खुणा असतात, कधी आत गंजलेले लोखंडाचे मणी असतात. शेतातल्या ‘विचित्र’ दगडांत ती फार वेळा निघते, आणि कुणाला ते पटत नाही.

चाचण्या एकमेकींशी जुळत नसतील तर दगडात एकाहून जास्त खनिजं आहेत. प्रत्येक कण वेगळा तपासा. तरीही अडलात तर महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे टवका न्या, अख्खा दगड नको. सोबत सापडल्याची जागा, घनता, कसाचा रंग आणि ताज्या तोंडाचा उन्हातला फोटो द्या. टवका कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.