ड्रॉइंगमध्येच ठरणारी किंमत

यंत्रांच्या सुट्या भागांचे डिझाइन करू लागलेल्या नव्या अभियंत्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी: खरेदी विभाग कोटेशन मागवतो तोवर भागाची बहुतांश किंमत ड्रॉइंगवर लिहून झालेली असते.

भोसरी-चाकण परिसरातील छोट्या मशीन शॉपकडून भाग करून घेताना मला हे सर्वांत ठळकपणे जाणवले ते टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, बाबतीत. 25 मिलिमीटर व्यासाच्या भोकाला आयएसओ 2768 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मध्यम वर्गाचा सर्वसाधारण टॉलरन्स दिला, तर अधिक-उणे 0.2 मिलिमीटरची मोकळीक मिळते. त्याच भोकापुढे एच7 हा काटेकोर टॉलरन्सचा वर्ग लिहिला, की ती शून्य ते अधिक 0.021 मिलिमीटर एवढीच उरते, आणि मग ड्रिलनंतर भोक अचूक मापाला आणणारे बोअरिंग किंवा रीमिंग, तपासणीसाठी प्लग गेज (भोकात घालून माप पाहायचे साधन) आणि त्यात नापास होणारे जॉब (मशीनवर बनणारे भाग), असा सगळा खर्च मागोमाग येतो. जिथे बेअरिंग किंवा डॉवेल पिन (भागांची जागा पक्की करणारी खीळ) बसणार आहे, तिथे हा खर्च करायलाच हवा. मात्र ज्या भोकातून केवळ बोल्ट आरपार जाणार आहे, तिथे तो ग्राहकाच्या पैशाचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेटिंगचा, म्हणजे जॉब मशीनवर बांधण्याचा, खर्चही मोठा असतो. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणक-नियंत्रित मिलिंग मशीनवर) जॉब सोडून, उलटा करून पुन्हा बांधण्यात वेळ तर जातोच, शिवाय दोन्ही बाजूंच्या मापांचा परस्परमेळ बिघडण्याची शक्यता वाढते. म्हणून जास्तीत जास्त भोके आणि पॉकेट (कोरलेले खोलगट भाग) एकाच बाजूने करता येतील अशी रचना आधी शोधावी. पॉकेटच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई द्यावी, कारण फिरणारा कटर तिथे काटकोन काढू शकत नाही. 10 मिलिमीटरच्या कटरसाठी कोपऱ्याची त्रिज्या 5 ऐवजी 6 मिलिमीटर ठेवली, तर तो कोपऱ्यात न थबकता वळतो.

जुळणीचा खर्च कमी करण्यासाठी जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट या अभियांत्रिकी संशोधकांच्या पद्धतीतील तीन प्रश्न आजही उपयोगी पडतात: हा भाग शेजारच्या भागाच्या सापेक्ष हलतो का, तो वेगळ्या धातूचा किंवा पदार्थाचा असणे आवश्यक आहे का, आणि जुळणी किंवा दुरुस्तीसाठी तो सुटा असावा लागतो का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर दोन भागांचा एक करण्याचा विचार करावा. तरीही नगसंख्या पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. थोडेच नग हवे असतील, तर महागड्या मोल्डपेक्षा (साच्यापेक्षा) लेझरने कापून वाकवलेले पत्र्याचे दोन भाग अनेकदा स्वस्त पडतात.

ड्रॉइंग मंजुरीला पाठवण्यापूर्वी ते घेऊन शॉपमध्ये जावे आणि मशीन चालवणाऱ्या कारागिराला जॉब कुठे व कसा पकडणार, हे विचारावे. प्लास्टिकच्या भागाबाबत टूल रूमशी (मोल्ड बनवणाऱ्या विभागाशी) हीच चर्चा मोल्डचे पोलाद कापण्याआधी व्हायला हवी, कारण भागाची भिंत जाड करायची असेल तर मोल्डमधले पोलाद आणखी कापता येते, पण ती पातळ करायची ठरली, तर कापलेली जागा वेल्डिंगने भरून पुन्हा मशिनिंग करावे लागते किंवा नवा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसणारा वेगळा तुकडा) बसवावा लागतो.